महिला राखीव प्रभागातून तृतीयपंथी उमेदवार: छाननीत अर्ज टिकवायला काय काय लागतं?

माणदेशी_वाट | १३ नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या ७,७५१ ग्रामपंचायतींच्या टप्प्यात आमचंही गाव आहे. प्रभाग तीनमधली एक जागा सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव आहे. तिथून आमच्या पॅनेलला एका तृतीयपंथी कार्यकर्तीला उभं करायचं आहे. रेशनकार्ड, निराधार योजना, बचत गटांची कर्जप्रकरणं ही कामं त्याच करतात, त्यामुळे मतांची काळजी नाही. काळजी छाननीची आहे. समोरच्या पॅनेलने ‘हा पुरुष आहे, महिलांच्या जागेवर चालणार नाही’ अशी हरकत घ्यायची तयारी केली आहे म्हणे.

कागदांची स्थिती अशी: मतदार यादीत आताचं नाव आणि लिंग ‘स्त्री’. आधारवर जन्माचं नाव आणि ‘पुरुष’. बँक पासबुकही जुन्याच नावाचं. जिल्हाधिकाऱ्यांचं तृतीयपंथी प्रमाणपत्र काढलेलं नाही. जन्म १९९१ चा.

महिला राखीव जागा चालेल का? प्रमाणपत्र आधी काढावं का? आणि अर्ज बाद झालाच तर कोर्टात लगेच दाद मिळते का? जाणकारांनी नीट सांगावं, तारखा जवळ आल्या आहेत.

---

तहसीलची_पायरी | १३ नोव्हेंबर

चालेल. आणि याला आधार आपल्याच राज्यातला आहे. जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी प्रभाग चारमधून सर्वसाधारण स्त्री जागेवर अर्ज भरला होता. तृतीयपंथी आहेत आणि जागा स्त्रियांची आहे, एवढ्या कारणावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी तो बाद केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ ला तो निर्णय रद्द करून अर्ज घ्यायला लावला. त्या लढल्या आणि निवडूनही आल्या. निकाल शोधताना ‘अंजली गुरु संजना जान विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने शोधा, पाटील नावाने सापडणार नाही.

त्या आदेशातला एक भाग तुमच्या कामाचा आहे. यापुढे आपण स्त्री हीच ओळख ठेवू, आरक्षणाच्या फायद्यासाठी पुन्हा पुरुष म्हणून पुढे येणार नाही, असं त्यांनी न्यायालयापुढे स्पष्ट सांगितलं होतं आणि न्यायालयाने ते नोंदवून घेतलं. तुमच्या उमेदवाराने याच आशयाचं प्रतिज्ञापत्र आधीच करून अर्जासोबत जोडावं. मागायची वाट बघू नका. हरकत घेणाऱ्याचा पहिला मुद्दा ‘आज बाई, उद्या बाप्या’ हाच असतो, तो तिथल्या तिथे संपतो.

वेळापत्रक पाठ असू द्या. अर्ज २८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, रोज ११ ते ३. छाननी ५ डिसेंबरला, माघार ७ डिसेंबर दुपारी ३ पर्यंत, मतदान १८ ला, मोजणी २० ला. अर्ज आधी आयोगाच्या संकेतस्थळावर भरायचा, मग छापील प्रतीवर सह्या करून टेबलावर द्यायचा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हमखास रेंगाळतं, म्हणून पहिल्या दोन दिवसांतच उरका. अर्जात लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ निवडा आणि प्रतिज्ञापत्रात, घोषणापत्रात, सगळीकडे तेच ठेवा. सायबर कॅफेवाला आधारकार्ड बघून ‘पुरुष’ टाकून मोकळा होतो आणि छापील प्रत कुणी वाचत नाही. अर्ज बाद व्हायला तेवढंच पुरतं. भरताना उमेदवार स्वतः शेजारी बसलेल्या हव्यात.

---

पोटकलम | १४ नोव्हेंबर

वरचं सगळं बरोबर आहे, पण कोर्टाच्या प्रश्नावर सावध करायला हवं, कारण जळगावच्या निकालानंतर चित्र बदललं.

त्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०२१ मध्येच, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने कर्मवीर औताडे यांच्या प्रकरणात ठरवून टाकलं की ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अर्ज बाद केल्याच्या आदेशाविरुद्ध निवडणूक चालू असताना रिट याचिका चालणार नाही. पंचायत निवडणुकीत न्यायालयाने मधे पडण्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-ओ मध्ये जी बंदी आहे, ती तिथे लागू होते. आधी खंडपीठांचे निकाल एकमेकांना छेद देणारे होते, म्हणून प्रश्न पूर्णपीठाकडे गेला होता. म्हणजे अंजली पाटील यांना जी वाट मिळाली, ती आज तुम्हाला मिळेल असं धरून चालू नका. निकाल लागल्यावर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली १५ दिवसांत दिवाणी न्यायालयात निवडणूक अर्ज करायचा, हा रस्ता उरतो. तोवर दुसरं कुणी तरी त्या खुर्चीवर बसलेलं असतं आणि तारखा पडत राहतात.

पण जळगावच्या निकालातलं तत्त्व पूर्णपीठाने खोडलेलं नाही. बदलली ती दाद मागण्याची वेळ आणि जागा. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात मान्य केला आणि २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्येही तो आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला हे सगळं लागू होतं, फक्त त्याच्यासमोर कागदावर यायला हवं. म्हणून तुमची खरी लढाई ५ तारखेला छाननीच्या टेबलावर आहे.

अर्जाला हे जोडा: मतदार यादीतल्या त्या पानाची प्रमाणित प्रत, ज्यावर नाव आणि ‘स्त्री’ दिसतं, वर सांगितलेलं ओळखीचं प्रतिज्ञापत्र, जुनं आणि नवं नाव एकाच व्यक्तीचं असल्याचं दुसरं प्रतिज्ञापत्र, औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाची प्रत आणि कलम ४ चं पान, दोन्हींवर कामाच्या ओळी अधोरेखित करून. आदेश पूर्ण जोडा, नुसती वर्तमानपत्राची कात्रणं जोडू नका. अधिकारी कृषी खात्याचा किंवा पाटबंधाऱ्याचा असतो, त्याच्याकडे त्या दिवशी शेदोनशे अर्ज असतात. त्याला तीस सेकंदांत नेमकी ओळ सापडली पाहिजे.

हरकत आली तर तोंडी वाद घालत बसू नका. आधीच टाइप करून ठेवलेलं लेखी उत्तर द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज नामंजूर झाला तर कारणांसह आदेशाची सहीशिक्क्याची प्रत तिथेच मागा. पुढचं प्रकरण त्या कारणांवरच उभं राहतं.

---

गुरुकुल_नाही_डेरा | १४ नोव्हेंबर

प्रमाणपत्राबद्दल. माझं मत, आता घाईने काढू नये.

पद्धत अशी आहे: राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र, अर्जाच्या तारखेला त्या जिल्ह्यात सलग १२ महिने वास्तव्य, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी घ्यायची नाही, असं २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे. कुणी डॉक्टरचा दाखला मागितला तर नियम दाखवा. पण आज अर्ज केला तरी ३० दिवस म्हणजे १४ डिसेंबर, छाननी होऊन गेलेली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ खाली मिळणाऱ्या या पहिल्या प्रमाणपत्रावर ‘तृतीयपंथी’ अशी ओळख येते. ‘स्त्री’ असं लिहिलेलं सुधारित प्रमाणपत्र हवं असेल तर कलम ७ खाली शस्त्रक्रियेनंतर अर्ज करावा लागतो. आज त्यांच्या मतदार यादीत ‘स्त्री’ आहे. तिथे आपणच ‘तृतीयपंथी’ लिहिलेला कागद जोडला तर समोरच्याला आयता मुद्दा मिळतो: सरकारच म्हणतं ही स्त्री नाही. उमेदवारी अर्जासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं नाही. मागितलेलं नाही ते देऊ नये.

आधारलाही या पंधरवड्यात हात लावू नका. आधारवर लिंगाची दुरुस्ती एकदाच करता येते, आणि मधेच अर्ज अडकला तर तीन कागदांवर तीन नोंदी होतील.

---

तहसीलची_पायरी | १४ नोव्हेंबर

डेरा, वेळेबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण तत्त्व म्हणून प्रमाणपत्र टाळा हे पटत नाही. हरकत दोन प्रकारची येते. एक, ‘ही तृतीयपंथी आहे म्हणून स्त्री नव्हे’. दुसरी, ‘हा सरळ पुरुष आहे, साडी नेसून आलाय’. गावात दुसरीच जास्त येते, आणि तिला प्रमाणपत्राइतकं सणसणीत उत्तर नाही. जळगावच्या प्रकरणातही तृतीयपंथी असणं लपवलं नव्हतं. तृतीयपंथी असून स्त्री ही ओळख निवडली, हीच तिथली मांडणी होती. लपवाछपवी केली असं नंतर निवडणूक अर्जात दिसलं तर ते महागात पडेल.

या वेळी मिळणार नाही हे खरं. तरी पोर्टलवर अर्ज करून पोचपावती हाताशी ठेवायला काय हरकत आहे? जोडायची की नाही ते हरकत बघून ठरवा.

---

पोटकलम | १४ नोव्हेंबर

पोचपावतीवर सहमत. खिशात असू दे, हरकत दुसऱ्या प्रकारची आली तरच बाहेर काढा. आणि प्रतिज्ञापत्रात ‘मी तृतीयपंथी व्यक्ती असून माझी लिंगओळख स्त्री आहे’ असं एका वाक्यात लिहा. दोन्ही बाजू बंद होतात.

---

माणदेशी_वाट | १५ नोव्हेंबर

मनापासून आभार. बँक खात्याचं मात्र डोक्यात नव्हतं. निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं लागतं ना? ते जुन्या नावाच्या आधारवर उघडलं तर पासबुकावर एक नाव, अर्जावर दुसरं. शिवाय आमच्यातले काही म्हणतात, एवढी झंझट असेल तर त्यांना सर्वसाधारण जागेवरूनच उभं करा.

---

दप्तर_क्रमांक_एक | १५ नोव्हेंबर

खात्याचं सांगतो. बँक केवायसी आधार-पॅनवर करते, त्यामुळे खातं जुन्याच नावाने उघडेल. उघडू द्या. ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ हे प्रतिज्ञापत्र शाखेत द्या आणि तीच प्रत पासबुकाच्या झेरॉक्ससोबत अर्जाला लावा. खर्चाची मर्यादा ७ ते ९ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्याला २५,००० रुपये, ११ ते १३ ला ३५,०००, १५ ते १७ ला ५०,०००. हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यायचा. हरलेल्यांनीही द्यायचा. नाही दिला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४-ब खाली अपात्रता येते आणि पुढची निवडणूक हातची जाते. बिलं कोणत्या नावाने घ्यायची ते आजच ठरवा: अर्जावरच्या नावाने, सगळीच्या सगळी.

आता बाकीची कागदं, कारण लिंगाच्या वादात लोक साध्या गोष्टीत मार खातात. समोरचा वकील हुशार असेल तर ओळखीला हातच लावणार नाही, थकबाकीवर नाहीतर शौचालयावर हरकत घेईल.

घरपट्टी-पाणीपट्टी निल करून ग्रामसेवकाचा दाखला घ्या. शौचालयाच्या दाखल्यात एक मेख आहे: पुष्कळ तृतीयपंथी भाड्याच्या खोलीत किंवा गुरूच्या घरात राहतात, आणि ‘घर तुमच्या नावावर नाही’ म्हणून दाखला अडवला जातो. अट स्वतःच्या घराची नाही. घर दुसऱ्याचं असलं तरी शौचालय आहे आणि नियमित वापर आहे, किंवा सार्वजनिक शौचालय वापरतात, हे चालतं. घरमालकाचं किंवा गुरूचं संमतीपत्र घेऊन ग्रामसेवकाकडे जा. गुरूच्या घराचं अतिक्रमण असेल तर मात्र आधी बघा, तो अपात्रतेचा मुद्दा होतो.

गुन्ह्यांचा तपशील प्रतिज्ञापत्रात खरा लिहा. भीक प्रतिबंधक कायद्याखालच्या किंवा रेल्वेच्या जुन्या केसेस निघतात, माणूस विसरलेला असतो. नुसती प्रलंबित केस अपात्र करत नाही, लपवली की अडचण होते. जवळच्या पोलीस ठाण्यात आणि लोहमार्ग पोलिसांकडे चौकशी करून घ्या.

सातवी पासची अट १ जानेवारी १९९५ नंतर जन्मलेल्यांना आहे. तुमच्या उमेदवार १९९१ च्या, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला लागत नाही. जुन्या नावाचा आणि ‘कुमार’ लिहिलेला तो दाखला उगाच जोडू नका.

सूचक त्याच प्रभागातला मतदार हवा, त्याचा यादी क्रमांक दोनदा तपासा. शक्य असेल तर बाई सूचक घ्या. कायद्याने फरक पडत नाही, टेबलावर पडतो.

---

पोटकलम | १५ नोव्हेंबर

सर्वसाधारण जागेबद्दल. तिथून कुणीही उभं राहू शकतं, लिंगाचा वादच उरत नाही. मतांचं म्हणाल तर, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळला ज्ञानदेव कांबळे २०१७ मध्ये थेट सरपंच झाले. छत्तीसगडच्या रायगड महापालिकेत मधू किन्नर जानेवारी २०१५ मध्ये अपक्ष म्हणून महापौर झाल्या, भाजपच्या उमेदवाराला साडेचार हजारांवर मतांनी हरवून. वेल्लूर महापालिकेत यंदा फेब्रुवारीत द्रमुकच्या गंगा १५ मतांनी निवडून आल्या. तेव्हा लोक मत देत नाहीत हा समज सोडा.

उलट उदाहरण मध्य प्रदेशातल्या कटनीचं. कमला जान तिथे महापौर झाल्या, पद स्त्रियांसाठी राखीव होतं. कायद्याने त्या पुरुष ठरतात म्हणून न्यायालयाने निवडच रद्द केली आणि २००३ मध्ये उच्च न्यायालयाने ते कायम केलं. निवडून येऊन, कारभार करून, मग घरी जावं लागलं. नालसा निकालाच्या आधीचा तो काळ, आज तो युक्तिवाद टिकू नये. पण हरकत घेणारे अजून कटनीचंच नाव घेतात, म्हणून तारीख लक्षात ठेवा: कटनी २००३, नालसा २०१४.

तुमच्या बाबतीत मी महिला जागेवरच उभं करा म्हणेन, कारण मतदार यादीत ‘स्त्री’ आहे. यादीत ‘पुरुष’ आणि जुनं नाव असतं तर या वेळी सर्वसाधारण जागा घ्या असं सांगितलं असतं. यादीतली दुरुस्ती आता करून उपयोग नसतो, ग्रामपंचायतीसाठी आयोग विधानसभेची ठरावीक तारखेची यादी फोडून वापरतो.

---

सांगली_मिरज_कुपवाड | १६ नोव्हेंबर

आमच्याकडे एका जोगत्यांना पुढच्या वेळी उभं राहायचं आहे, यादीत नाव जुनं आणि ‘पुरुष’ आहे. दुरुस्ती कशी करायची? वडिलांचं नाव लावायची त्यांची इच्छा नाही.

---

तहसीलची_पायरी | १६ नोव्हेंबर

फॉर्म ८. १ ऑगस्टपासून पत्ता, नाव, लिंग सगळ्या दुरुस्त्या त्यातच होतात. नाव बदलायचं तर आधी राजपत्रात छापून घ्या, तो कागद पुढे आधार, पॅन, बँक सगळीकडे चालतो. जातीच्या राखीव जागेचा विचार असेल तर फारच गरजेचा, कारण जातीचा दाखला जन्मनावाचा असतो आणि पडताळणी समितीला दोन नावांमधला दुवा लागतो.

लिंग ‘स्त्री’ करायचं की ‘तृतीयपंथी’ हे त्यांनी स्वतः ठरवावं, आपण निवडणुकीच्या सोयीने ठरवू नये. फक्त ठरवलं की सगळीकडे एकच.

वडिलांच्या नावाचं: नव्या फॉर्म ६ मध्ये नातेवाइकाच्या रकान्यात तृतीयपंथी मतदारासाठी ‘गुरु’ हा पर्याय छापलेलाच आहे. बीएलओला (मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला) माहीत नसतं आणि तो वडिलांच्या नावासाठी अडून बसतो. रकाना दाखवा.

---

रानजाई | १७ नोव्हेंबर

प्रचाराचं एक राहिलं. छाननीत काही जमलं नाही की दुसरी फळी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू होते: जुने फोटो, जुनं नाव, टाळ्या वाजवण्याचे व्हिडिओ. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ मध्ये शिवीगाळ आणि मानसिक छळही येतो, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड. स्क्रीनशॉटवर नंबर, गटाचं नाव आणि वेळ दिसली पाहिजे. एक तक्रार पोलिसांत, एक तहसीलच्या आचारसंहिता कक्षात, दोन्ही त्याच दिवशी. मतदानानंतरच्या तक्रारीत कुणी जीव ओतत नाही. पत्रकावर फक्त मतदार यादीतलं नाव छापा, कंसात जुनं नाव नको. आपणच ते नाव छापलं की समोरच्याला तोंड कसं धरणार?

आणि उमेदवाराला एकटीला रात्रीच्या कोपरा सभेला पाठवू नका. बरोबर बचत गटातल्या दोघी तिघी असू द्या.

---

दप्तर_क्रमांक_एक | १७ नोव्हेंबर

निवडून आल्यावरचं. २० डिसेंबरपासून १५ दिवस अर्जाची सगळी फाईल जपून ठेवा, पराभूत उमेदवाराने कलम १५ खाली निवडणूक अर्ज केला तर उत्तर त्यातूनच द्यायचं. पहिल्या सभेपूर्वी ग्रामसेवकाला पत्र देऊन सदस्य नोंदवहीत आणि नोटिशीत ‘श्रीमती’ आणि आताचंच नाव लिहायला सांगा. ग्रामसभेआधी जी महिला सभा होते, तिची नोटीसही त्यांना जायला हवी. स्त्री जागेवरच्या सदस्याला तिथून वगळता येत नाही. पुढेमागे त्या सरपंच झाल्या तर पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशासाठी डिजिटल सही लागते आणि ती आधार-पॅनवरच्या नावाने निघते. निवडीच्या पत्रावर एक नाव आणि सहीवर दुसरं असलं की देयकं अडकतात, अन् गावात बोलबाला होतो की बाईंना कारभार जमत नाही. म्हणून राजपत्र, प्रमाणपत्र, आधार, पॅन या क्रमाने सगळं जानेवारीत सुरू करा. पॅनवर तृतीयपंथी हा पर्याय २०१८ पासून आहे, पण ओळख स्त्री ठेवली आहे तर तिथेही स्त्रीच मागा.

---

माणदेशी_वाट | १७ नोव्हेंबर

प्रतिज्ञापत्रांचा मसुदा आज वकिलांना दिला. आदेशाची पूर्ण प्रत मिळाली, अधोरेखित करून तीन संच करतोय: एक अर्जाला, एक उमेदवाराच्या हातात, एक सूचकाकडे. सोमवारी २८ ला सकाळी अर्ज भरू.